माडीची जमीन पुन्हा पुन्हा खचते? कडीला टेकू देण्याआधी हे तपासा

वाईला आमचं जुनं घर आहे. माडीवरची मधली खोली बारा फूट लांब, नऊ फुटांचा खण (कडीच्या दोन टेकूंमधलं अंतर), कडीपाटाची. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतून निघालेल्या सागाच्या कड्या मधल्या तुळईवर टेकलेल्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा भराव. या खोलीच्या मध्यावर जमीन दबलेली होती. पाण्याचा तांब्या कलंडला की पाणी खोलीच्या मध्यभागी येऊन थांबायचं. खालून वर पाहिलं की पाच-सहा कड्यांना झोळ आलेला सरळ दिसायचा.

ही जमीन बारा-तेरा वर्षांत आम्ही तीनदा दुरुस्त केली आणि तिन्ही वेळा ती परत खचली. चौथ्यांदा काम टिकलं. जुन्या वाड्यात, चाळीत किंवा कोकणातल्या माडीच्या घरात ज्यांना हाच त्रास आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे, कारण आम्ही केलेले तिन्ही उपाय लोक आजही पहिल्यांदा करतात.

आधी काय केलं होतं

पहिल्यांदा, 2009 मध्ये, काकांनी शहाबादीवरच नवी टाइल बसवून घेतली. खोलगट भाग मसाल्यानं भरून काढला, जमीन एकसारखी झाली. दोन पावसाळ्यांनंतर टाइलच्या सांध्यांना चिरा पडल्या आणि जमीन पुन्हा दबली.

मग 2014 मध्ये खालच्या खोलीत सगळ्यात वाकलेल्या कडीखाली लाकडी टेकू उभा केला, वर पाचर ठोकली. त्याच वर्षी टेकूखालची शहाबादी फरशी फुटली, कारण फरशीखाली नुसता भराव होता. पुढच्या उन्हाळ्यात पाचर वाळली आणि हातानं हलायला लागली. टेकू उभा होता, पण त्याच्यावर काही वजनच येत नव्हतं.

तिसरा उपाय 2019 चा. एका ठेकेदारानं कड्यांच्या पोटाखाली लोखंडी पट्ट्या स्क्रूनं मारल्या. पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या आणि दीड इंची स्क्रू. चार वर्षांत मधल्या कडीचे स्क्रू लाकडातून अर्धे बाहेर आले.

तिन्ही वेळा कडीला दोष दिला. कडी का वाकली, हे कोणी पाहिलं नाही.

बाक वेगळा, खचणं वेगळं

2023 च्या फेब्रुवारीत काम हाती घेतलं तेव्हा गावातल्या एका वयस्कर सुतारमामांना बोलावलं. त्यांनी टेकूचं नावही काढलं नाही. म्हणाले, "ताई, आधी कड्यांना नंबर घाला आणि मोजून दाखवा."

खालून खडूनं 1 ते 9 नंबर घातले आणि प्रत्येक कडीची दोन मापं घेतली. ही दोन मापं हाच या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून नीट सांगते.

पहिलं माप दोरीचं. कडीच्या दोन्ही टोकांना, खालच्या अंगाला सारख्या जाडीचे दोन ठोकळे धरायचे, त्यांच्यावरून दोरी घट्ट ताणायची आणि मध्यावर दोरी ते कडी हे अंतर मोजायचं. ठोकळ्याच्या जाडीपेक्षा ते जितकं कमी भरेल तितका कडीला बाक. आमच्या पहिल्या तीन कड्यांना 12 ते 15 मिलिमीटर बाक होता, चार ते सात नंबरच्या कड्यांना 30 ते 38. आठ आणि नऊ नंबरला फक्त 14.

आठ-नऊ नंबरच्या वरची जमीन तर डोळ्यांना उतरती दिसत होती. मग बाक इतका कमी कसा? म्हणून दुसरं माप, पाण्याच्या नळीचं. गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी. तिनं प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांची पातळी पाहिली. तुळईवरची सगळी टोकं दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानं सारखी होती, म्हणजे तुळई आणि तिचे खांब जागेवर होते. भिंतीकडची सात टोकंही ठीक. आठव्या आणि नवव्या कडीचं भिंतीतलं टोक मात्र 22 मिलिमीटर खाली गेलेलं.

म्हणजे एकाच खोलीत दोन वेगळे आजार. मधल्या चार कड्या ओझ्यानं वाकल्या होत्या. शेवटच्या दोन कड्या सरळच होत्या, त्यांची भिंतीतली बैठक गेली होती. नुसती दोरी लावली असती तर त्या दोन कड्या "चांगल्या" ठरल्या असत्या, आणि पडली असती तर तीच बाजू पडली असती. टोक भिंतीतून निसटलं की कडी सूचना न देता खाली येते. वाकलेली कडी निदान वर्षानुवर्षं दिसत तरी राहते.

ओझ्याचा हिशोब

जमिनीचा एक कोपरा, दीड फूट बाय दीड फूट, फोडून पाहिला. वरून खाली थर असे निघाले: टाइल आणि तिच्याखालचा मसाला, खोलगट भाग भरायला घातलेला जादा मसाला, शहाबादी आणि तिचं चुन्याचं बिछावन, त्याखाली पाच इंच माती आणि मग फळ्या. आजीच्या काळात मातीवर नुसतं सारवण होतं. पुढच्या प्रत्येक पिढीनं आधीचा थर न काढता वर नवा थर चढवला होता.

वजन काढायला अवघड नाही. पाच इंच कोरडी माती म्हणजे चौरस मीटरला साधारण 200 किलो. शहाबादी बिछावनासह 90, भरून काढलेला मसाला सरासरी 50, टाइल आणि तिचा मसाला 100. मिळून 440 किलो. खोली दहा चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ साडेचार टन कायमचं कड्यांवर. तुलनेसाठी, आयएस 875 या भारतीय मानकात राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो ओझं धरतात. आमच्या कड्या दिवसरात्र त्याच्या दुपटीहून जास्त नुसती जमीनच पेलत होत्या.

लाकडावर ओझं कायम राहिलं की बाक हळूहळू वाढत जातो. आज एक सेंटिमीटर वाकलेली कडी तेवढ्याच ओझ्याखाली वीस वर्षांनी दोन सेंटिमीटर वाकलेली सापडू शकते. माणसं येतात-जातात त्यानं एवढं होत नाही. न हलणारं ओझं हे करतं. त्यामुळे खोलगट भाग मसाल्यानं भरणं हा सगळ्यात घातक उपाय. जिथे कडी आधीच सगळ्यात जास्त वाकली आहे, तिथेच मसाला सगळ्यात जाड बसतो.

मराठवाड्यातल्या माळवदांची, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची, गोष्ट याच जातीची आहे. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर मातीचा नवा थर. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात त्या जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. घराच्या डोक्यावरची माती ही क्षुल्लक बाब नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे.

उतरवताना काय दिसलं

मग सगळे थर काढले. तीन मजूर, चार दिवस, घमेल्यांनी. राडारोडा खोलीतच एका बाजूला रचू देऊ नका, मजुरांना तेच सोयीचं वाटतं. काम खोलीच्या मध्यापासून कडेकडे करायचं आणि माल लगेच खाली न्यायचा. सुरू करण्याआधी आठ आणि नऊ नंबरखाली, भिंतीपासून फूटभर अंतरावर, लोखंडी प्रॉप लावून घेतले होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फळ्या उघड्या पडल्या. रात्रभर कड्या कुरकुरत होत्या. सकाळी दोरी लावली तर पाच नंबरचा बाक 38 वरून 27 वर आला होता. जॅकला कोणी हातही लावला नव्हता. अकरा मिलिमीटर कडी आपली आपण वर आली. आई जिन्यात उभी राहून ते माप वाचताना बघत होती. तिला दोनदा मोजून दाखवावं लागलं.

आठ आणि नऊ नंबरची टोकं पाहायला भिंतीचा थोडा भाग उकरला. वरून लाकूड काळपट, एवढंच. पेचकस लावला तर दांड्यापर्यंत आत गेला. भिंतीतला नऊ इंचांचा भाग आणि बाहेरचे चार-पाच इंच पूर्ण कुजलेले. त्याच कोपऱ्यात वर मोरी होती, दोनशे लिटरच्या पिंपासह. मोरीचं पाणी झिरपत होतंच, पण तेवढंच कारण नव्हतं. पावसाची झड खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता आणि कड्यांची टोकंही सिमेंटनं लिंपून बंद केली होती. पांढऱ्या मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं सोडणं बंद पडलं, आणि ती ओल कडीच्या टोकात जाऊन बसली. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणारी बुरशी वाढते. मॉइश्चर मीटरवर खोलीच्या मध्यात 11 ते 12 दिसत होते, भिंतीजवळ 26.

दोन नंबरच्या कडीला बारीक भोकं होती. भुंगा अजून जिवंत आहे की जुना आहे, हे ओळखायला खाली काळा कागद चिकटवून आठ दिवस ठेवला. पीठ पडलं नाही, म्हणजे नुसत्या जुन्या खुणा. पडलं असतं तर औषध भोकात भरावं लागलं असतं. फवारून भागत नाही.

उचलणं

उरलेला 27 मिलिमीटरचा बाक पूर्ण काढायचा नाही, हे आधीच ठरवलं. शंभर वर्षं वाकत गेलेलं लाकूड आठवड्यात सरळ केलं तर त्याला चिरा जातात, भिंतीतली टोकं उचलली जातात आणि भिंत तडकते.

खालच्या खोलीत जॅक ठेवण्याआधी पहारेनं जमीन ठोकून पाहिली. जुन्या वाड्यांत धान्याचं पेव किंवा तळघर असतं आणि ते बुजवलेलं कोणाच्या लक्षातही नसतं. पोकळ आवाज आला तर जागा बदलायची. मग चार फूट लांब, तीन इंच जाड फळी आडवी टाकून तिच्यावर दोन स्क्रू जॅक, आणि जॅकवर चारही वाकलेल्या कड्यांना एकदम लागेल असं आडवं लाकूड. एकच कडी उचलायची नाही. तशी उचलली तर तिच्यावरच्या फळ्या शेजारच्या कड्यांचंही ओझं तिच्याच अंगावर टाकतात.

सकाळी थोडा फेरा, संध्याकाळी थोडा, दिवसाला दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. प्रत्येक फेऱ्यानंतर भिंतीचा वरचा भाग आणि खालच्या दारांच्या चौकटी पाहायच्या. तिसऱ्या दिवशी कोठीचं दार घासायला लागलं, तेव्हा एक दिवस थांबलो. सातव्या दिवशी बाक 16 वर आला आणि तिथेच सोडला. गाडीचा हायड्रॉलिक जॅक उचलायला चालतो, पण त्याच्यावर ओझं ठेवून रात्री झोपायचं नाही. तेल उतरतं आणि जॅक बसतो.

जोडकडी

वाकलेल्या चार कड्यांना प्रत्येकी एक नवी कडी शेजारून जोडली. इथे लाकडाची उंची आणि रुंदी यांतला फरक समजून घेतला तर पैसे वाचतात. कडीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. आमच्या जुन्या कड्या साडेतीन इंच रुंद, साडेचार इंच उंच. नवी कडी फक्त दोन इंच रुंद पण साडेपाच इंच उंच घेतली, आणि ती एकटी जुनीएवढीच ताठ भरते. खालून ती जरा पुढे आलेली दिसते, त्याची सवय होते.

लाकूड मुरलेलं हवं, यावर अडून बसा. वखारीतून आलेल्या पहिल्या मालात मीटरनं 24 टक्के दाखवले, तो परत केला. ओलं लाकूड बोल्ट लावल्यावर आकसतं आणि जोड सैल होतो. शेवटी पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळाला. स्वस्त नव्हता, आणि रंधा मारण्याआधी त्यातले तुटके खिळे काढण्यात दीड दिवस गेला.

नवी कडी लावताना जुनी कडी जॅकवरच उचललेली हवी. ओझं जुनीवर तसंच ठेवून शेजारी नवी बोल्टनं जोडली तर नवी नुसती सोबत करते, जुनीचं ओझं घेत नाही. नव्या लाकडाला थोडा नैसर्गिक बाक असला तर तो वरच्या अंगाला ठेवायचा. बोल्ट 12 मिलिमीटरचे, दर सोळा इंचांवर, एक मध्यरेषेच्या जरा वर तर पुढचा जरा खाली, आणि दोन्ही बाजूंना मोठे वायसर. सगळे एका रेषेत घेतले तर लाकूड त्याच रेषेत उकलतं. बोल्ट जुन्या कडीच्या वरच्या-खालच्या कडेपासून किमान दीड-दोन इंच आत हवेत. खिळ्यांवर भागवू नका.

नवीची दोन्ही टोकंही बसवायची, एक तुळईवर, एक भिंतीत. मधेच अधांतरी संपलेली जोडकडी कामाची नाही.

आठ आणि नऊ नंबरची कुजकी टोकं, चांगलं लाकूड लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे आणखी एक फूट, कापून टाकली. त्यांच्याशेजारी भिंतीपासून तुळईपर्यंत पूर्ण लांबीच्या नव्या कड्या घातल्या, जुन्यांचे उरलेले भाग त्यांना बोल्टनं बांधले. भिंतीत कडाप्प्याचा तुकडा सपाट बसवून त्यावर टोकं टेकवली, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना, मागे आणि वर अर्धा इंच जागा मोकळी सोडली. गवंड्याला ती भोकं भरून "फिनिश" करायची होती. तिथे मी हट्टानं उभी राहिले. टोकांना बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दोनदा पाजलं. हे औषध पाण्यानं धुऊन जातं, त्यामुळे ओल थांबवल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

मोरी खाली नेली. कडीपाटावर मोरी ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी सांधा कधीतरी सुटतो, आणि पाणी पहिल्यांदा कडीच्या टोकापाशीच जातं.

जमिनीवर माती परत घातली नाही. उरलेला बाक भरायला कड्यांवर मधे जाड, कडेला पातळ अशा तासलेल्या पट्ट्या ठोकल्या, त्यावर 19 मिलिमीटरचा प्लाय आणि लाकडी फळ्या. सगळं मिळून चौरस मीटरला 25 किलोच्या आत. एक गोष्ट खरी सांगायला हवी: मातीमुळे खोली उन्हाळ्यात थंड राहायची आणि वरचा आवाज खाली येत नसे. आता मुलं वर पळाली की खाली आईला ऐकू येतं. पट्ट्यांखाली रबर घातलं, त्यानं थोडा फरक पडला.

हे स्वतः करू नका

तुळई मध्यावर खालच्या अंगानं चिरली असेल, खांबाचं बूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, खांब आणि तुळईमधला हस्त (आधाराचं लाकूड) सुटला असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल, तर मोजमापावर थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भिंत बाहेर कलली असली तर कडीचं टोक भिंतीतून थोडं थोडं सुटत असतं, आणि अशा वेळी जॅकचा एक फेराही महागात पडतो. सामायिक वाड्यात तीच कडी पुढे शेजाऱ्याच्या खोलीत गेलेली असू शकते, आधी तिकडे जाऊन पाहा. मुंबईत 1969 च्या आधीच्या उपकरप्राप्त चाळीत राहत असाल तर ही दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येते. तिथे एका खोलीनं परस्पर कडी कापायची नसते.

आयएस 883 मध्ये साध्या लाकडी तुळयांसाठी लांबीच्या 240 व्या भागापर्यंत बाक चालतो. आमच्या खणाला ते साडेअकरा मिलिमीटर येतं, आणि आमचा बाक आजही त्याहून जास्त आहे. पण तो जुन्या काळचा, लाकडात मुरलेला बाक आहे. पाहायचं असतं ते तो वाढतो का. जॅक काढल्यावर पाच नंबर 18 वर स्थिरावला. 2023 च्या दिवाळीत 18. 2024 च्या मे महिन्यात 19. 2025 च्या दिवाळीतही 19. आकडे भिंतीवर कडीशेजारीच पेन्सिलीनं तारखेसह लिहिले आहेत. आठ आणि नऊ नंबरचं भिंतीकडचं टोक जागचं हललेलं नाही, मीटरवर तिथे भर पावसाळ्यानंतर 16 टक्के दिसले.

पश्चिमेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा फक्त कड्यांच्या पट्ट्यात काढून चुन्याचा केला आहे. खालचा अर्धा भाग तसाच आहे, तो येत्या उन्हाळ्यात काढायचा आहे.